साडेसात हजार पौंडांचं पुढे काय होतं ते मोजा

इंग्लंड आणि वेल्समध्ये घरातला गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवला तर सरकार साडेसात हजार पौंड देतं. बॉयलर अपग्रेड स्कीम म्हणतात तिला, मे २०२२ मध्ये अर्ज सुरू झाले, ऑफजेम ही वीज-गॅसवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था ती चालवते. सुरुवातीला हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला पाच हजार आणि जमिनीतून घेणाऱ्याला सहा हजार मिळायचे, ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्हींची रक्कम साडेसात हजार केली. तेव्हापासून ही योजना चालली की फसली यावर इथे सतत वाद सुरू आहे, पेपरात, संसदेत, आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा, आणि मला खटकतं ते हे की दोन्ही बाजूचे लोक एकच आकडा धरून भांडतात: किती पंप बसले. कमी बसले म्हणजे फेल, जास्त बसले म्हणजे पास. माझं म्हणणं असं आहे की हा आकडा लागतो, पण योजना चांगली की वाईट ते त्यावरून ठरत नाही. पंप बसल्यावर पहिल्या हिवाळ्यात ते घर किती तापलं, बिल किती आलं, आणि पैसे कोणाला मिळाले, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुठलंही मूल्यमापन अर्धवट आहे, आणि सध्या हेच तीन प्रश्न सगळ्यात कमी विचारले जातात.

भारतात राहणाऱ्यांसाठी थोडं सांगते, कारण आपल्याकडे घर तापवणं हा रोजच्या खर्चाचा विषयच नाही. इथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर तापवावंच लागतं, नाहीतर भिंतींना ओल येते, बुरशी धरते, म्हातारी माणसं आणि लहान मुलं आजारी पडतात. बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं. ब्रिटनमध्ये साधारण २.८ कोटी घरं आहेत आणि देशाच्या एकूण ग्रीनहाऊस वायूंपैकी सुमारे १८ टक्के फक्त ही घरं तापवण्यातून येतात. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा फ्रिज समजा, बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे विजेच्या एका युनिटमागे घरात तीन-चार युनिट उष्णता मिळते. तीन मिळते की चार, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

आधी टीकाकारांचं ऐकूया, कारण त्यांच्याकडे आकडे आहेत. योजना जाहीर झाली तेव्हा तीन वर्षांसाठी ४५ कोटी पौंड ठेवले होते, म्हणजे ९० हजार पंप. पहिल्या वर्षी मागणी इतकी कमी आली की फेब्रुवारी २०२३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या पर्यावरण समितीने सरकारला पत्र लिहून सांगितलं की योजना अपेक्षेप्रमाणे चालत नाहीये, लोकांना तिची माहितीच नाही, बसवणारे कारागीर कमी आहेत, आणि पदरचे भरायचे पैसे जास्त आहेत. शिवाय हायड्रोजनबद्दलच्या उलटसुलट बातम्यांनी लोक गोंधळलेत हेही त्यात होतं, आणि ते खरंच होतं, त्या काळात मला कितीतरी जण म्हणायचे की थांब जरा, गॅसच्या पाइपातून हायड्रोजन येणार आहे. मग मार्च २०२४ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल आला (आपल्याकडचं कॅग म्हणा), त्यात डिसेंबर २०२३ पर्यंत या योजनेतून १८,९०० पंप बसल्याचं होतं आणि सरकारचा मूळ अंदाज तोपर्यंत ५० हजारांचा होता. झालं, सगळ्यांनी "फेल" शिक्का मारला. पण रक्कम साडेसात हजार केल्यावर अर्ज भराभर वाढले आणि २०२५-२६ साठी सरकारला बजेट २९.५ कोटी पौंडांवर न्यावं लागलं, की लगेच तेच लोक "हिट" म्हणायला लागले. मधल्या काळात पंप तेच होते, घरं तीच होती, विजेचा दर तसाच चढा होता. बदलली होती ती मुख्यतः रक्कम. रक्कम वाढवली की रांग वाढते हे सिद्ध करायला मूल्यमापन कशाला हवं?

आता मी या योजनेच्या बाजूने बोलणार आहे, कारण आधीच्या योजनांशी तुलना केली तर ही बरीच शहाणपणाने बांधलेली आहे. २०१४ पासून मार्च २०२२ पर्यंत इथे घरांसाठी रिन्यूएबल हीट इन्सेंटिव्ह होतं, त्यात पंपाचा सगळा खर्च आधी तुम्ही करायचा आणि मग सरकार सात वर्षं दर तीन महिन्यांनी हप्ता देणार. म्हणजे ज्याच्याकडे आधीच बारा-पंधरा हजार पौंड पडलेले आहेत त्याचीच सोय. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये याच नावाची व्यवसायांसाठीची वेगळी योजना २०१२ मध्ये आली, तिच्यात तर खर्चावर वरची मर्यादाच घातली नव्हती, एक पौंडाचं लाकडी इंधन जाळलं की एक पौंड साठ पेन्स परत मिळायचे, मग काय, लोकांनी जाळत सुटायचंच, त्यात रिकाम्या शेड तापवल्याच्याही तक्रारी आल्या. ते प्रकरण इतकं चिघळलं की जानेवारी २०१७ मध्ये तिथले डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तिथलं सरकार कोसळलं ते तीन वर्षं उभं राहिलं नाही. त्यानंतर २०२० मध्ये कोविडच्या काळात आली ग्रीन होम्स ग्रँट, दीड अब्ज पौंडांची, सहा लाख घरांची घोषणा, सहा महिन्यांत सगळं उरकायचं, आणि मार्च २०२१ मध्ये ती बंदच केली. ऑडिट ऑफिसने हिशोब केला तेव्हा जेमतेम साडेसत्तेचाळीस हजार घरांपर्यंत ती पोचेल असं दिसलं, एकूण खर्च ३१.४ कोटी आणि त्यातले ५ कोटी निव्वळ कारभारावर. सगळ्यात जास्त मार बसला तो छोट्या कारागिरांना, काम करून बसलेत, माणसं कामावर ठेवलीत, आणि व्हाउचरचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत. अशी एकदा पोळलेली माणसं पुढच्या सरकारी योजनेत परत कशाला शिरतील? २०२२ मध्ये कारागीर का कमी होते याचं अर्धं उत्तर मला वाटतं इथे आहे.

बॉयलर अपग्रेड स्कीमने यातलं बरंच सुधारलं. अर्ज तुम्ही नाही करायचा, बसवणारा करतो. अनुदान थेट त्याच्या बिलातून वजा होतं, तुमच्या हातात येतं ते उरलेलं बिल. रक्कम ठरलेली, जास्त जाळून जास्त कमावायची सोय नाही. आणि ती सहा महिन्यांत गुंडाळली नाही, वर्षानुवर्षं चालू ठेवली, त्यामुळे एखाद्या गॅस इंजिनियरने ट्रेनिंग घेऊन या धंद्यात यायचं ठरवलं तर त्याला पुढची दोन-तीन वर्षं दिसतात. हे सातत्य फार महत्त्वाचं आहे आणि पंप मोजणाऱ्यांच्या हिशोबात ते कुठेच दिसत नाही. म्हणून ही योजना बंद करा असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

पण आता खरा हिशोब करूया, कागद-पेन घेऊन. समजा एका मध्यम घराला वर्षाला १० हजार युनिट उष्णता लागते. २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्राइस कॅपमध्ये (ऑफजेम ठरवते त्या कमाल दरात) विजेचं एक युनिट २६.३५ पेन्स होतं आणि गॅसचं ६.२९ पेन्स, म्हणजे वीज चौपटीपेक्षा महाग. गॅस बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला तर वर्षाचा गॅस साधारण ७४० पौंडांचा, वर गॅसचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर असो-नसो लागणारा आकार, रोजचे ३४ पेन्स म्हणजे वर्षाला १२४, एकूण ८६४. हीट पंप लावून गॅस कनेक्शन पूर्ण तोडलं तर हा स्टँडिंग चार्ज वाचतो. आता पंप एका युनिटमागे २.८ युनिट देत असेल तर वर्षाची वीज ९४१ पौंडांची, म्हणजे गॅसपेक्षा ७७ पौंड जास्त. साडेतीन देत असेल तर ७५३, म्हणजे शंभरेक पौंडांची बचत. आणि चार देत असेल तर ६५९, बचत २०५ पौंड. एकाच रस्त्यावरची दोन सारखी घरं घ्या, एकाचा पंप २.८ वर चालतोय आणि दुसऱ्याचा ४ वर, तर दोघांच्या बिलात वर्षाला २८० पौंडांचा फरक पडतो, पंधरा वर्षांत चार हजारांच्या वर. आणि सरकारने दोघांनाही साडेसात हजारच दिलेत, सरकारच्या यादीत दोघंही "एक पंप बसला" एवढेच आहेत.

हे २.८ मी हवेतून काढलेलं नाही. सरकारनेच इलेक्ट्रिफिकेशन ऑफ हीट नावाचा प्रयोग केला होता, ७४२ घरांत पंप बसवून प्रत्यक्ष मोजलं, त्यात मधल्या घराचा आकडा २.८ च्या आसपास आला. त्या प्रयोगातली चांगली बातमी ही होती की जुनी व्हिक्टोरियन घरं, टेरेस (एकाला एक चिकटलेली ओळीतली घरं), फ्लॅट, सगळ्या प्रकारच्या घरांत पंप चालले, अमुक एका प्रकारच्या घरात जमणारच नाही असं निघालं नाही. दुसरीकडे काही हौशी मंडळींनी स्वतःच्या पंपाला नीट मीटर लावून रोजचे आकडे सगळ्यांना बघायला ऑनलाइन खुले ठेवलेत, त्यात ४ च्या आसपास किंवा त्याहून वर चालणारे पंप भरपूर दिसतात. ते लोक जाणकार आहेत आणि त्यांनी कारागीरही निवडून घेतलेत हे मान्य, पण तंत्रज्ञान इतकं देऊ शकतं हे तरी त्यातून कळतं. मग सगळ्यांना ते का मिळत नाही?

कारण पंप हे डबा आणून भिंतीला लावायचं यंत्र नाही. रेडिएटरमध्ये पाणी किती गरम सोडायचं यावर सगळा खेळ आहे. गॅस बॉयलर ६०-७० डिग्रीचं पाणी सोडतो, पंपाने तेवढं गरम करायला गेलं तर वीज खायला लागतो. ४० डिग्रीवर चालवला तर मस्त चालतो, पण मग रेडिएटर मोठे लागतात, कुठे पाइप बदलावे लागतात, प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते ते मोजावं लागतं. आमचं घर रेडिंगजवळ, १९३० च्या दशकातलं सेमी (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं), आम्ही कोट, म्हणजे खर्चाचे अंदाज, मागवले तेव्हा एक जण आला, त्याने बाहेरून फोटो काढले, दोन-तीन खोल्यांत डोकावला आणि ५५ डिग्रीवर चालेल, रेडिएटर आहेत तेच राहू देत म्हणाला. दुसऱ्याने दिवसाचा अर्धा वेळ घालवला, प्रत्येक खिडकी मोजली, लॉफ्टमध्ये चढला, आणि चार रेडिएटर बदलून ४५ डिग्रीचं डिझाइन दिलं. दुसऱ्याचं कोट महाग होतं. अनुदान दोघांनाही तेवढंच मिळणार होतं. नियमात डिझाइनचा आकडा किमान २.८ पाहिजे असं आहे, पण ते कागदावरचं डिझाइन, प्रत्यक्ष हिवाळ्यात काय आलं ते अनुदानाच्या फाइलमध्ये परत येतच नाही. जो माणूस घाई करतो त्याचं कोट स्वस्त दिसतं, गिऱ्हाईक तिकडे वळतं, आणि मन लावून काम करणारा मागे पडतो. सरकारचे पैसे या स्पर्धेत चुकीच्या बाजूला वजन टाकतायत, आणि मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग येतो तो याच गोष्टीचा.

आणखी एक अडचण जी लंडनमधल्या ऑफिसात बसून दिसत नाही. वीस-तीस वर्षांत इथे लाखो घरांनी कॉम्बी बॉयलर बसवले, नळ उघडला की लगेच गरम पाणी, त्यामुळे जुन्या पाण्याच्या टाक्या काढून त्या कपाटात लोकांनी वॉशिंग मशीन, बॅगा, देवघर, काय काय बसवलं. हीट पंपाला गरम पाण्याची टाकी लागते. छोट्या टेरेस घरात ती ठेवायची कुठे हा प्रश्न अनुदानाच्या रकमेने सुटत नाही. नियम मात्र हळूहळू सुधारतायत, उदाहरणार्थ शेजाऱ्याच्या हद्दीपासून पंप एक मीटर लांब पाहिजे ही अट मे २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये काढली, त्याने लहान घरांची मोठी अडचण दूर झाली आणि सरकारी तिजोरीतून एक पेनीही गेली नाही.

आता विजेच्या दराकडे येते. इथे वीज गॅसच्या चौपट महाग असण्याचं एक कारण धोरणाचं आहे. पवनऊर्जा, सौरऊर्जा उभारायला जी मदत वर्षानुवर्षं दिली तिचा बराचसा भार विजेच्या बिलावर टाकला, गॅसच्या बिलावर त्यामानाने फार कमी. म्हणजे एका हाताने सरकार सांगतं गॅस सोडा विजेवर या, साडेसात हजार घ्या, आणि दुसऱ्या हाताने विजेच्या प्रत्येक युनिटवर जास्तीचे पेन्स लावतं. वर केलेला हिशोब परत करा, वीज गॅसच्या फक्त तिप्पट असती तर तोच २.८ वाला मध्यम पंप वर्षाला ६७४ पौंडांत चालला असता, गॅसच्या ८६४ च्या तुलनेत सरळ फायद्यात. एकही पौंड जास्त अनुदान न देता. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये यातल्या एका मोठ्या जुन्या शुल्काचा, रिन्यूएबल्स ऑब्लिगेशनचा, घरगुती बिलांवरचा ७५ टक्के भार एप्रिल २०२६ पासून तीन वर्षं करातून भरायचं ठरलं. मला हा निर्णय अनुदानाच्या कुठल्याही वाढीपेक्षा मोठा वाटतो. पण तीन वर्षंच का? पंप पंधरा-वीस वर्षं चालतो, माणूस तीन वर्षांच्या भरवशावर घराची सगळी व्यवस्था बदलत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट लगेच कळेल कारण आपण उज्ज्वला योजनेत नेमकं हेच बघितलंय. मे २०१६ मध्ये सुरू झाली, कनेक्शन मिळालं, शेगडी आली, गावोगावी आकडे जाहीर झाले, आणि मग अनेक घरांत सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेलीच, कारण रिफिलचे पैसे एकरकमी निघत नव्हते. शेवटी सरकारला २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये द्यावे लागले. यंत्र पोचवणं आणि यंत्र वापरणं परवडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि कनेक्शनच्या आकड्यावरून दुसरं काम झालं असं धरून चालल्याची किंमत बायकांनी धुरात बसून मोजली. ब्रिटनमध्ये धूर नाही, पण हिटिंग बंद करून कोट घालून बसणारी माणसं आहेत.

आता पैसे कोणाला मिळतात ते बघा. हवेतून चालणारा पंप बसवायला साधारण १२-१३ हजार पौंड लागतात, घर मोठं किंवा काम अवघड असेल तर जास्त. साडेसात वजा केले तरी पाचेक हजार खिशातून. नवीन गॅस बॉयलर अडीच-तीन हजारात येतो. शिवाय बॉयलर बहुतेक वेळा जानेवारीतच बंद पडतो, घरात थंडी, पोरं कुडकुडतायत, तेव्हा कोण बसून सहा आठवडे कोट गोळा करणार? स्लाऊला आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, मूळच्या नाशिकच्या, काका गेल्यापासून एकट्या, पेन्शनवर. मी त्यांना उत्साहाने अनुदानाचं सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, सरकार साडेसात देतंय ते छानच गं, पण वरचे पाच हजार मी कुठून आणू, आणि एवढं करून बिल वाढलं तर मी कोणाकडे जाऊ?" माझ्याकडे दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं आणि सरकारकडेही नाही. भाड्याने राहणाऱ्यांचं तर विचारूच नका, अर्ज घरमालकाच्या मर्जीवर, खर्च त्याचा आणि बिल भाडेकरूचं, त्याला घाई कशाला असेल.

ठरलेली सरसकट रक्कम सोपी असते हे मला मान्य आहे, पण सोपी म्हणजे न्याय्य नव्हे. ज्याच्याकडे बचत आहे, स्वतःचं घर आहे, वाचायला वेळ आहे, तो साडेसात हजार घेऊन जातो, आणि त्यातले काही जण असे असतात की अनुदान नसतं तरी त्यांनी पंप घेतलाच असता. अशांना दिलेला पैसा पंपांच्या आकड्यात छान दिसतो पण त्याने काही बदललेलं नसतं. जर्मनीने २०२४ पासून वेगळा मार्ग घेतला, सगळ्यांना खर्चाच्या ३० टक्के, जुनी सिस्टिम लवकर बदलली तर आणखी २० टक्के, आणि कुटुंबाचं करपात्र उत्पन्न ४० हजार युरोच्या आत असेल तर आणखी ३० टक्के, एकूण कमाल ७० टक्के, आणि एका घराचा जास्तीत जास्त ३० हजार युरो खर्च धरायचा. फ्रान्सची माप्रीमरेनोव्ह योजना उत्पन्नाप्रमाणे घरांना निळा, पिवळा, जांभळा, गुलाबी असे गट देते आणि कमी उत्पन्नाला जास्त पैसे. दोन्हींची कागदपत्रं किचकट आहेत, फ्रान्सच्या योजनेत तर मोठ्या नूतनीकरणाचे अर्ज २०२५ च्या उन्हाळ्यात थांबवून सप्टेंबरअखेर परत उघडावे लागले. तरी मला वाटतं ब्रिटनमध्ये किमान एक जादा पायरी करायलाच हवी, पेन्शन क्रेडिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत) घेणाऱ्या घरमालकाला पूर्ण खर्च किंवा उरलेल्या रकमेवर बिनव्याजी कर्ज. स्कॉटलंडमध्ये साडेसात हजार अनुदानासोबत साडेसात हजारांचं बिनव्याजी कर्ज मिळतंच आहे, म्हणजे याच देशात हे जमलेलं आहे, बाहेरून शिकायचीही गरज नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की गरिबांसाठी वेगळी योजना होती की, एनर्जी कंपन्यांमार्फत चालणारी ईको. होती, आणि तिचं काय झालं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑडिट ऑफिसने लिहिलंय. ईकोच्या ताज्या टप्प्यात आणि तिच्या जोडीच्या योजनेत ज्या घरांच्या भिंतींना बाहेरून इन्सुलेशन लावलं, साधारण २२-२३ हजार घरं, त्यातल्या ९८ टक्के घरांत दुरुस्त करावेच लागतील असे मोठे दोष निघण्याचा अंदाज आहे. ९८ टक्के! वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण यातली बरीचशी कमी उत्पन्नाची घरं, त्यांनी विश्वासाने दार उघडलं आणि भिंतीत ओल आली. त्या योजनेतही वर्षानुवर्षं किती घरं "पूर्ण" झाली ते मोजलं जात होतं. आकडा वाढत होता आणि भिंती कुजत होत्या. शेवटी नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ती बंद करायचं ठरलं. चुकीची गोष्ट मोजली तर काय होतं याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून मी हीट पंपाच्या बाबतीत आत्ताच बोलतेय, दहा वर्षांनी नाही.

कार्बनचाही ढोबळ हिशोब करून टाकते. गॅसच्या एका युनिटमागे सुमारे ०.१८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केल्यावर विजेच्या युनिटमागेही आता जवळपास तेवढाच. त्यामुळे वरच्या १० हजार युनिटच्या घरात अगदी २.८ चा पंपसुद्धा वर्षाला दीड टनांच्या आसपास वाचवतो, वीस वर्षांत ३० टन. साडेसात हजार भागिले ३०, टनामागे अडीचशे पौंड. हे स्वस्त नाही. पण फक्त टनावर बघणंही बरोबर नाही, कारण अनुदानाचा मूळ हेतू बाजार उभा करून किंमत खाली आणणं हा होता. सरकारला २०२५ पर्यंत पंप बसवण्याचा खर्च २५ ते ५० टक्के कमी व्हायला हवा होता, आणि ऑडिट ऑफिसला २०२१ ते २०२३ मध्ये महागाई वजा जाता फक्त ६ टक्के घट दिसली. म्हणजे ज्या कामासाठी पैसे ओतले तेच काम सगळ्यात हळू चाललंय. आणि ते काम झालं नाही तर पुढचा रस्ताच नाही, कारण २०२५-२६ चे २९.५ कोटी पूर्ण वापरले तरी ३९ हजार पंप होतात, आणि सरकारने २०२८ साठी ठेवलेलं लक्ष्य वर्षाला सहा लाख पंपांचं होतं. सहा लाखांना प्रत्येकी साडेसात हजार म्हणजे वर्षाला साडेचार अब्ज पौंड. एवढं कोणताही अर्थमंत्री देणार नाही.

त्यामुळे मला या योजनेत एक बदल सगळ्यात आधी हवाय आणि तो खर्चिक नाही. प्रत्येक पंपाला वीज किती खाल्ली आणि उष्णता किती दिली हे दाखवणारं मीटर सक्तीचं करा, आजकालच्या बऱ्याच पंपांत ही सोय असतेच, फक्त नोंद कोणी मागत नाही. साडेसात हजारांतले साडेसहा आज देतात तसे कारागिराला वेळेत द्या, ग्रीन होम्सच्या वेळेसारखं त्याला लटकवू नका. उरलेले एक हजार पहिला हिवाळा झाल्यावर, मीटरचा आकडा पाठवल्यावर, थेट घरमालकाला द्या. आकडा ३ च्या खाली असेल तर हजार पौंड दुरुस्तीसाठी वापरायचे, कारागिराने परत येऊन सेटिंग, रेडिएटर, पाइप जे असेल ते नीट करायचं, आणि त्याच्या सगळ्या कामांची सरासरी सगळ्यांना दिसेल अशी जाहीर करायची. मग काकूंसारखं कोणी विचारलं की बिल वाढलं तर कोणाकडे जाऊ, तर सांगता येईल.

कारागीर याला विरोध करतील आणि त्यांचं एक म्हणणं बरोबर आहे: घरातली माणसं थर्मोस्टॅट कसं वापरतात, दिवसातून चारदा चालू-बंद करतात का, यावरही आकडा बदलतो, त्याची शिक्षा कारागिराला का? म्हणून एका घराच्या आकड्यावर कोणाला शिक्षा करू नका, वीस-तीस घरांच्या सरासरीवर बघा, एखादं घर वेगळं निघेल पण सगळीच घरं वाईट वापरणारी कशी निघतील. दुसरा आक्षेप प्रायव्हसीचा येईल, तर आकडा वर्षाला एकदा आणि पत्त्याशिवाय जाहीर करावा. तिसरा म्हणजे ऑफजेमवर कामाचा बोजा, तो थोडा वाढेल, नक्की वाढेल, पण ईकोच्या त्या २२ हजार भिंती परत उघडायला जेवढा खर्च येणार आहे त्याच्या पासंगालाही तो पुरणार नाही. यंदाच्या बजेटमधून बसणाऱ्या पंपांपासूनच हे सुरू करता येईल, त्यासाठी नवीन कायदा लागत नाही, योजनेच्या नियमांत एक दुरुस्ती पुरते.